मे नको, जून बघा

प्रश्न : काकू, पुढच्या वर्षी मी, आई (वय ६८, पक्की शाकाहारी) आणि माझी आठवीतली मुलगी अशा तिघी स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय. ट्रॅव्हल्सवाले ‘१० दिवसांत ५ देश’ गळ्यात मारताहेत. मला मात्र आल्प्समधल्या एखाद्या गावात चार दिवस नुसतं राहायचंय. शाळेच्या सुट्टीमुळे मे सोयीचा पडेल. कोणतं गाव? आणि आई खाईल काय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मे सोयीचा, असं आम्हालाही वाटलं होतं. इथे पारा ४५ वर, कूलरची मोटर जळलेली; निघालो. आल्प्समधल्या म्युरेन गावी पोचलो तर निम्मी हॉटेलं बंद, शिखरावर नेणारी केबल कार दुरुस्तीला, वरच्या वाटांवर अजून बर्फ. स्कीवाले गेलेले, उन्हाळी पाहुणे अजून यायचे होते. मधल्या दिवसांत ही गावं चक्क झोपा काढतात. आम्ही दोघांनी बाकावर बसून घरचा चिवडा संपवला.

तुमच्या मुलीची शाळा राज्य मंडळाची असेल तर विदर्भात ती उन्हामुळे जूनअखेरच उघडते. पुण्या-मुंबईकडे ही चैन नाही! जूनच्या मध्यावर जा. कुरणं फुललेली असतात, गाई वर चरायला निघतात आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा दरीभर ऐकू येतात.

गाव म्युरेनच घ्या. उंची १,६३८ मीटर, त्यामुळे आईंनी धास्ती घ्यायचं कारण नाही. पर्यटकांच्या गाड्या गावात येतच नाहीत. खाली दरीतल्या लाउटरब्रुनेनहून केबल कारनं ग्रुच्आल्पला चढायचं, पुढे छोटी आगगाडी. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं ओळीनं उभी. परतताना रुळांच्या बाजूची जवळजवळ सपाट पायवाट धरा. आईंनी गाडीतून मधल्या विंटरेगला उतरावं, तुम्ही मायलेकी चालत गाठा.

आता जेवण. फॉन्ड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते. शिवाय ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजला दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. हे आईंना नागपुरातच सांगा. तिथे टेबलावर कळलं तर तुमचं काही खरं नाही. त्यांच्यासाठी रोश्टी. किसलेला बटाटा लोण्यात दोन्हीकडून खरपूस. आपल्या उपासाच्या थालीपिठाची मावसबहीणच. मागवताना ‘ओने श्पेक’ (बेकनशिवाय) म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात.

चीज चालत असेल त्यांनी एल्प्लरमाग्रोनेन खावं, तेही ‘ओने श्पेक’ सांगूनच. मॅकरोनी, बटाटा, क्रीम, चीज, वर तळलेला कांदा आणि शेजारच्या वाटीत सफरचंदाचा गोडसर गर. मला वाटलं, वाढणाऱ्या पोरीनं गोड आधीच आणून ठेवलं, म्हणून वाटी बाजूला सारली. तिनं ती हसत परत पुढ्यात ढकलली. एकत्रच खायचं असतं ते! पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्यांनी त्यात नवल काय करायचं?

कोरडी चटणी मात्र न्या. दुसऱ्या दिवशीच जीभ तिखट मागते.

आणि बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका. गावातल्या लाकडी-दगडी हौदांच्या तोटीचं पाणी गार आणि पिण्याचं असतं. ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी दिसली, तर तो हौद तेवढा सोडा.