जनरल एज्युकेशन आधी उरकू नका

प्रश्न : ताई, आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. मुलगा या सप्टेंबरात डि अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजला लागला. हव्या त्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सला नंबर लागला नाही, म्हणून दोन वर्षं इथे काढून यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर घ्यायची असं ठरलं. मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, पहिल्या वर्षी जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सगळ्यांनाच घ्यावे लागणारे, विषय उरकून टाका, म्हणजे दुसऱ्या वर्षी मेजरकडे, मुख्य विषयाकडे, नीट लक्ष देता येतं. तशी एक्सेल शीट मी केली आहे, सोबत जोडते. मुलगा म्हणतो, "आई, तू यात पडू नकोस." हायस्कूलमधल्या एपी या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांत त्याला पाचपैकी इंग्लिश लँग्वेजला ४ आणि सायकॉलॉजीला ५ आहेत, त्याचा काही उपयोग होईल का? आणि खरं सांगू? मुलगा कुठे असतो असं कुणी विचारलं की कम्युनिटी कॉलेज म्हणताना अवघडायला होतं.
— एक आई, सनीव्हेल

उत्तर : शीट पाहिली. रंग छान भरलेत. पहिल्या तीन क्वार्टरमध्ये (सप्टेंबर ते जून या वर्षाचे तीन भाग) आर्ट हिस्टरी, सोशिऑलॉजी, ॲन्थ्रपॉलॉजी, पब्लिक स्पीकिंग असं सगळं हिरव्या रकान्यात, आणि कॅल्क्युलस थेट दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात, पिवळ्या. ती पिवळी ओळ तुमच्या मुलाचं एक वर्ष खाणार आहे.

कसं ते बघा. डि अँझाला क्वार्टर पद्धत आहे, त्यामुळे कॅल्क्युलस चार कोर्समध्ये विभागलाय आणि एक झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. त्यानंतर लिनियर अल्जिब्रा. प्रोग्रॅमिंगचंही तेच, डेटा स्ट्रक्चर्सच्या वर्गात बसायचं तर आधीचे वर्ग झालेले हवेत. दुसऱ्या सप्टेंबरात सुरुवात केली तर जूनपर्यंत कॅल्क्युलसचे तीनच कोर्स होतात. यूसीचा अर्ज मात्र त्याच दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर भरायचा असतो. म्हणजे अर्ज वाचणाऱ्यासमोर मुलाचं गणित जेमतेम सुरू झालेलं असेल आणि सोशिऑलॉजीत उत्तम 'ए' दिसेल. कॉम्प्युटर सायन्सची जागा त्यावर कोण देणार?

जनरल एज्युकेशनच्या (जीईच्या) विषयांना अशी साखळी जवळपास नसते. दुसरा इंग्लिश पहिल्यानंतर घ्यायचा, एवढंच. बाकी आर्ट हिस्टरी पहिल्या क्वार्टरला घ्या की सहाव्या, कुणाला फरक पडत नाही. म्हणून मेजरच्या साखळ्या आधी कागदावर मांडायच्या आणि जीई त्यांच्या फटींत बसवायचं. जेवताना आपण आधी सगळी कोशिंबीर संपवून मग पोळी मागत नाही, तसंच हे.

साखळ्या कुठून काढायच्या? असिस्ट डॉट ऑर्ग. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांचे कोणते कोर्स कोणत्या यूसीत आणि सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) कशाच्या बदल्यात चालतात, त्याचा हा अधिकृत करारनामा. वर्ष, आपलं कॉलेज, पुढची युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की दोन रकाने उघडतात. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. मधले 'अँड' आणि 'ऑर' नीट वाचायचे. इथे माझ्या टेबलासमोर बसलेली मुलं हमखास घसरतात. 'अँड' असेल तर दोन्ही कोर्स मिळून समोरचा एक धरला जातो, अर्ध्यावर सोडला तर हाती काही लागत नाही. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर आपल्या कॉलेजात त्याला जोड नाही. मग तो जवळच्या दुसऱ्या कॉलेजात घेता येतो का, हे काउन्सेलरला विचारायचं. खाजगी युनिव्हर्सिट्या, म्हणजे स्टॅनफर्ड, यूएससी वगैरे, असिस्टवर नसतात. त्यांचे नियम त्यांच्याकडे.

यूसीच्या चार-पाच कॅम्पसचे असे कागद काढून एकमेकांशेजारी ठेवायला मुलाला सांगा. तुम्ही काढू नका. बर्कलीला लागणारा कोर्स अर्व्हाइनला लागेलच असं नाही, हे त्याला स्वतःला दिसू दे. सगळ्यांना लागणारे कोर्स आधी, एखाद्यालाच लागणारे नंतर.

आता जीई. २०२५ च्या फॉलपासून कॅल-जीईटीसी नावाचा एकच साचा यूसी आणि सीएसयू दोघांना चालतो. २०२१ च्या एबी ९२८ कायद्याने ही सोय झाली. तुमच्या मैत्रिणीचा मुलगा त्याआधी लागला असेल तर तो आयजीईटीसी या आधीच्या साच्यावर असणार. सलग शिकत असेल तर तो जुनाच साचा पूर्ण करू शकतो, त्यामुळे त्याची यादी बघून आपली करू नका. नव्या साच्यात अकरा कोर्स आणि एक लॅब येते. प्रत्येकात किमान 'सी' हवा, 'सी मायनस' चालत नाही.

अकरा म्हटल्यावर घाबरू नका, तुमच्या मुलाचे चार तर असेच वजा होतात. एपी इंग्लिशच्या ४ मुळे पहिला इंग्लिश सुटला. सायकॉलॉजीच्या ५ मुळे सोशल सायन्सच्या दोनांतला एक सुटला. मात्र हे गुण कॉलेज बोर्डाकडून कॉलेजला अधिकृतपणे जायला हवेत, घरातल्या प्रिंटआउटवर काम होत नाही. कॅल्क्युलसने गणिताचा रकाना भरतो. मेजरसाठी फिजिक्स घेतलं तर फिजिकल सायन्स आणि लॅब दोन्ही त्यातच मिटतं. राहिले सात : क्रिटिकल थिंकिंगचा दुसरा इंग्लिश, पब्लिक स्पीकिंगसारखा बोलण्याचा कोर्स, एक आर्ट्स, एक ह्युमॅनिटीज, एक सोशल सायन्स, एक बायॉलॉजी आणि एक एथ्निक स्टडीज. दर क्वार्टरला एक आणि मधल्या समरला एक, झालं. कॅल्क्युलस, प्रोग्रॅमिंग आणि जोडीला एक वाचन-लेखनाचा विषय, असा क्वार्टर मुलांना पेलतो. तिन्ही विषय प्रॉब्लेम सेटचे घेतले की आठव्या आठवड्यात सगळंच एकदम कोसळतं. आणि यूसीचा एक नियम फार कमी घरांत माहीत असतो : 'डी' किंवा 'एफ' मिळाला तर कोर्स पुन्हा करून ग्रेड सुधारता येतो, 'सी' मिळाला तर नाही. कॉम्प्युटर सायन्सच्या स्पर्धेत कॅल्क्युलसमधला तो 'सी' कायमचा सोबत येतो.

त्या सातांतला दुसरा इंग्लिश पहिल्याच वर्षी संपवायला लावा, कारण यूसीला इंग्लिशचे दोन आणि गणिताचा एक कोर्स किमान म्हणून हवाच असतो. उरलेला सोशल सायन्स पोलिटिकल सायन्स किंवा अमेरिकेचा इतिहास घ्यावा. सॅन होजे स्टेटचा पर्याय उघडा राहील, कारण सीएसयूच्या पदवीसाठी अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना लागतेच. एका दगडात होण्यासारखी कामं दोन दगडांनी कशाला करायची! एथ्निक स्टडीजचा अर्थ 'आपला भारताचा इतिहास घेऊ' असा काढू नका. तो अमेरिकेतल्या आदिवासी, आफ्रिकन, एशियन आणि लॅटिनो समाजांबद्दल आहे. एशियन अमेरिकन स्टडीज घेतला तर इथल्या आपल्या लोकांची गोष्टही त्यात भेटते. मुलाला आवडेल कदाचित.

साचा पूर्ण झालाच नाही तर? एक-दोन कोर्स राहिले तरी आंशिक प्रमाणपत्र मिळू शकतं, पण इंग्लिश आणि गणित त्यात राहता कामा नये. बर्कलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजकडे डोळा असेल तर हा साचा पूर्ण केल्याचं तिथे कौतुक नाही, ते मेजरची तयारी बघतात. आणि पूर्ण झाला तर त्याचं सर्टिफिकेशन मागून घ्यावं लागतं. ते आपोआप जाईल या भरवशावर राहिलेली मुलं मी दर जूनला बघते.

युनिट्सचा, म्हणजे क्रेडिटचा, हिशोब : तिसऱ्या वर्षाला बसायला ९० क्वार्टर युनिट. सेमिस्टरच्या कॉलेजात तेच ६०. दर क्वार्टरला पाच युनिटचे तीन कोर्स धरले की सहा क्वार्टरमध्ये बरोबर होतात. यूसी १०५ पर्यंत युनिट मोजते, पुढचे मोजत नाही, पण त्या कोर्समुळे एखादी अट भागत असेल तर ती भागलेली धरते. तेव्हा जास्त झाले म्हणून झोप उडवू नका.

टॅगबद्दल विचारलं नाहीत, पण मंडळात कुणीतरी सांगेलच. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसपैकी एकाशी, अटी पाळल्या तर, प्रवेशाची हमी देणारा करार करता येतो. अर्ज सप्टेंबर महिन्यात, म्हणजे मुख्य अर्जाच्याही आधी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. शिवाय कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगची बरीच मेजर काही कॅम्पसनी टॅगमधून काढून ठेवली आहेत, तेव्हा त्या वर्षीचा तक्ता बघूनच बोला. राज्यातल्या मुलांसाठी यूसीची किमान जीपीए २.४ आहे, हे वाचून हुरळूनही जाऊ नका. तुमच्या मेजरला त्यावर कुणी विचारत नाही.

राहता राहिला "तू यात पडू नकोस". त्याचं बरोबर आहे. कॉलेजात नाव घातलं की मुलाच्या नोंदींवर त्याचा हक्क, वय काही असो. फर्पा कायद्यामुळे त्याच्या लेखी संमतीशिवाय काउन्सेलर तुमच्याशी त्याच्या ग्रेड्सबद्दल अवाक्षर काढणार नाही. आया मला फोन करतात आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवते. त्यापेक्षा विंटरचं रजिस्ट्रेशन उघडण्याआधी त्याने स्वतः काउन्सेलरची वेळ घेतली का, एवढंच विचारा. शीट त्याला द्या आणि म्हणा, खोडून काढ.

आणि अवघडायचं कशासाठी? कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला तिथे एका क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात, १५ युनिटचे ४६५. पदवीवर नाव शेवटच्या युनिव्हर्सिटीचं असतं. गणपतीत कुणी विचारलंच तर आकडा सांगा. पुढचा प्रश्न त्यांचा असेल, "फॉर्म कधी भरायचा असतो हो?"

प्रश्न : माझी मुलगी फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात आहे. सायकॉलॉजी, बिझनेस की पब्लिक हेल्थ, तिचं ठरत नाही. तिनेही मेजर आधी घ्यायचं का?
— एक बाबा, फ्रीमाँट

उत्तर : नाही, तिचं उलट. मेजर ठरलेलं नसेल तर जीईपासूनच सुरुवात करावी, फक्त विषय हुशारीने निवडावेत. सोशल सायन्समध्ये सायकॉलॉजी आणि इकॉनॉमिक्स, गणितात स्टॅटिस्टिक्स, सायन्समध्ये लॅबसह बायॉलॉजी. जीईही होतं आणि तिन्ही वाटांची चवही कळते. बिझनेसकडे मन झुकू लागलं तर मात्र लगेच असिस्ट बघायचं, कारण अनेक ठिकाणी त्यासाठी कॅल्क्युलस लागतो, नुसतं स्टॅटिस्टिक्स पुरत नाही. पहिलं स्प्रिंग सेमिस्टर संपेपर्यंत तिने ठरवायला हवं. रोज जेवताना विचारू नका.

प्रश्न : माझी भाची पुण्यात एफवायबीएस्सी झाली. आता ग्रीन कार्डवर आई-वडिलांकडे सॅन होजेला जात आहे. इथल्या वर्षाचे क्रेडिट तिथल्या जनरल एज्युकेशनमध्ये धरतील ना? इंग्लिश तर तिचा होताच.
— एक मामा, पुणे

उत्तर : मामा, कॅल-जीईटीसीत ते धरत नाहीत. अमेरिकेतली प्रादेशिक मान्यता नसलेल्या परदेशी संस्थेचे कोर्स त्या साच्यात बसत नाहीत, एफवायचा इंग्लिशही नाही. म्हणून वर्ष वाया गेलं असं मात्र नाही. यूसी परदेशी शिक्षण स्वतः तपासते आणि काही विषय युनिट म्हणून धरू शकते. एखाद्या कोर्सची पूर्वअट भागली असं कॉलेजला दाखवायलाही ती कागदपत्रं उपयोगी पडतात. पुण्यातली मार्कशीट पुरेशी नाही. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन प्रती घ्या, आणि प्रत्येक विषयाच्या सिलॅबसवर कॉलेजच्या सही-शिक्क्याची प्रत. तपासणाऱ्याला "केमिस्ट्री पेपर वन" एवढ्यावरून काही कळत नाही, आत कोणते धडे आणि प्रॅक्टिकलचे किती तास हे बघायचं असतं.

एखाद्या विषयात केटी लागली असेल तरी ते वर्ष लपवायचं नाही. यूसीच्या अर्जात बारावीनंतर शिकलेली प्रत्येक संस्था लिहावी लागते, आणि लपवलेलं नंतर उघडं पडलं तर मिळालेला प्रवेशही जातो. हे सगळं विमानात बसण्याआधी करून घ्या. नाहीतर तिकडून तिचा फोन येईल आणि विद्यापीठाच्या खिडकीपाशी तुम्हालाच उभं राहावं लागेल.