रुग्णाचे २९ आणि पत्नीचे ५१ : औदासीन्याच्या प्रश्नावलीत कोणता आकडा धरावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पार्किन्सनच्या एका ६८ वर्षांच्या रुग्णाने मानसोपचारतज्ज्ञ मॅरिन यांच्या, औदासीन्य (म्हणजे रस, पुढाकार आणि भावना ओसरणे) मोजणाऱ्या प्रश्नावलीची स्वतः भरावयाची आवृत्ती भरली, तेव्हा गुण २९ आले, त्याच दिवशी पत्नीने माहितगाराची, म्हणजे रुग्णाला जवळून ओळखणाऱ्याने भरावयाची आवृत्ती भरली, तेव्हा ते ५१ आले, आता केसपेपरवर कोणता आकडा लिहावा आणि रुग्णाला औदासीन्य आहे असे म्हणावे की नाही? माझ्या मते दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहावेत, कोणी भरले तेही लिहावे आणि त्यांची सरासरी कदापि काढू नये. या दोहोंमधला २२ गुणांचा फरक हीच आपल्या हाती आलेली सर्वांत उपयोगी माहिती आहे, आणि सरासरी काढताच नेमकी तीच पुसली जाते.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत १८ विधाने आहेत आणि प्रत्येकाला १ ते ४ गुण आहेत. म्हणजे औदासीन्याचा लवलेश नसलेल्या माणसाचेही १८ गुण होतात आणि कमाल गुण ७२. २९ हा आकडा ‘७२ पैकी २९’ असा शेकडेवारीच्या सवयीने वाचला, तर चूक होते. तो तळापासून केवळ ११ वर आहे. प्रश्नावलीच्या तीन आवृत्त्या आहेत : रुग्णाची, माहितगाराची आणि चिकित्सकाची. व्यवहारात बहुतेक ठिकाणी पहिलीच वापरली जाते, कारण तिला चिकित्सकाचा वेळ लागत नाही, आणि दुर्दैवाने स्मृतिभ्रंशात किंवा मेंदूच्या पुढच्या भागाच्या विकारात तिच्यावरच सर्वांत कमी विसंबता येते. ज्या माणसाला स्वतःच्या बदलाचे सोयरसुतक उरलेले नाही, त्याच्याकडूनच त्या बदलाची नोंद आपण मागत असतो.

चिकित्सकाची आवृत्ती म्हणजे तीच विधाने डॉक्टरने भरणे, असा एक गैरसमज आढळतो. त्या आवृत्तीत आधी रुग्णाला त्याच्या आवडी, उद्योग आणि दिनक्रम यांविषयी बोलते करावयाचे असते. तो किती गोष्टी सांगतो, किती तपशिलाने सांगतो आणि सांगताना त्याच्या आवाजात व चेहऱ्यावर काय उमटते, यावरून काही विधानांचे गुण ठरतात. ‘मी सगळं करतो’ असे म्हणणाऱ्याला ‘काल सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत काय काय केलंत?’ असे विचारल्यावर जी शांतता पसरते, ती स्वतः भरलेल्या कागदावर कधीच उमटत नाही.

याचा अर्थ पत्नीचे ५१ हेच खरे, असाही नाही. माहितगार तटस्थ नसतो. थकलेला काळजीवाहक अधिक गुण देतो, आणि स्वतःच खचलेला असेल तर आणखी अधिक. शिवाय पार्किन्सनमध्ये चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज बारीक होतो, हालचाल मंदावते. घरच्यांना हे सगळे ‘कशातच रस उरला नाही’ असेच दिसते. म्हणून मी हालचालीची फारशी गरज नसलेल्या गोष्टींविषयी विचारतो : त्यांनी स्वतःहून शेवटचा प्रश्न कधी विचारला? कोणाची चौकशी केली? उद्याच्या एखाद्या कामाचा विषय आपणहून काढला? शरीर मंद असलेला माणूस काम करीत नाही, पण त्याविषयी बोलतो, आठवण करून देतो, प्रसंगी चिडतो. उदासीन माणूस विषयच काढत नाही. आणखी एक चौकशी अवश्य करावी : आजारापूर्वी घरात पुढाकार कोण घेत असे? जन्मभर अबोल राहिलेल्या माणसाची तुलना त्याच्या पूर्वीच्या स्वतःशीच व्हावयास हवी, शेजारच्या उत्साही गृहस्थाशी नव्हे.

येथे आपल्या भाषेचा एक सापळा आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. ‘उदासीन’ आणि ‘उदास’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या कानात एक होतात. ‘ते उदासीन असतात का?’ या प्रश्नाला ‘नाही हो, रडत वगैरे मुळीच नाहीत’ असे उत्तर मी अनेक वेळा ऐकले आहे, आणि सुरुवातीची काही वर्षे ते ‘नाही’ म्हणून लिहूनही घेतले आहे. ‘कंटाळा’ हा शब्दही तसाच निसरडा आहे. त्यात थकवा, नावड आणि अनिच्छा हे तिन्ही मावतात. भाषांतरित प्रश्नावली वापरताना शब्द अचूक आहे का, एवढे पाहून भागत नाही; ऐकणाऱ्याने काय ऐकले, हे त्याच्याकडून एका उदाहरणासह वदवून घ्यावे.

नैराश्याशी होणारी गल्लत केवळ शब्दांपुरती नाही, ती प्रश्नावल्यांच्या आतही आहे. वृद्धांच्या नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १५ प्रश्नांच्या प्रसिद्ध मापनीत आवडी व उद्योग सोडून दिले का, बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावेसे वाटते का आणि अंगात उत्साह वाटतो का, असे तीन प्रश्न आहेत. निव्वळ औदासीन्य असलेला माणूस येथे ३ गुण सहज मिळवतो, आणि पुढे कंटाळा किंवा स्मरणशक्तीची तक्रार अशा एकदोन उत्तरांची भर पडली की नैराश्याच्या उंबरठ्यावर पोहोचतो. म्हणून एकूण गुण पाहण्याऐवजी कोणत्या प्रश्नांनी ते दिले, ते पाहावे : दुःख, असहायता, हताशा आणि निरुपयोगीपणा यांविषयीच्या प्रश्नांनी गुण दिले नसतील आणि केवळ या तीन प्रश्नांनी दिले असतील, तर चित्र वेगळे आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात, हे अर्थात विसरू नये. नैराश्यावर दिलेल्या काही औषधांनीच भावना बोथट होऊ शकतात, त्यामुळे औषधांची यादी प्रश्नावलीच्या आधी पाहिलेली बरी.

आता सीमागुणांविषयी, म्हणजे ज्या गुणांपासून औदासीन्य आहे असे धरतात त्यांविषयी. स्टार्कस्टाइन यांची १९९२ सालची १४ प्रश्नांची मापनी मॅरिन यांच्याच प्रश्नावलीचे संक्षिप्त रूप आहे. तिचे गुण ० ते ४२ असतात आणि पार्किन्सनमध्ये १४ हा सीमागुण रूढ आहे. नावे सारखी असल्यामुळे हा १४ मॅरिन यांच्या प्रश्नावलीला लावलेला मी एका अहवालात पाहिला आहे; जिचे किमान गुणच १८ आहेत, तिथे असे केल्यास पृथ्वीतलावरचा प्रत्येक मनुष्य उदासीन ठरतो! मॅरिन यांच्या प्रश्नावलीचा सीमागुण आजार आणि आवृत्ती यांनुसार बदलतो, त्यामुळे आपल्या रुग्णासाठी एकच जादूचा आकडा मागू नये.

काहीजण आपल्याला न्यूरोसायकिअ‍ॅट्रिक इन्व्हेंटरीकडे, म्हणजे काळजीवाहकाला विचारून स्मृतिभ्रंशातली मानसिक व वर्तनाची लक्षणे मोजणाऱ्या मापनीकडे, वळण्याचा सल्ला देतील. ती उत्तम आहे, पण तिचे गणित जाणून घ्यावे. औदासीन्याची वारंवारता १ ते ४, तीव्रता १ ते ३, आणि गुण म्हणजे त्यांचा गुणाकार. त्यामुळे ५, ७, १० किंवा ११ गुण कधीच येऊ शकत नाहीत. वरच्या टोकाला तीव्रता एका पायरीने उतरली, तर १२ चे ८ होतात. खालच्या टोकाला तेवढ्याच बदलाने २ चा १ होतो. मेथिलफेनिडेट या उत्तेजक औषधाच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अल्झायमरच्या २०० रुग्णांवरील चाचणीत औषध घेणारे आणि बनावट गोळी घेणारे या दोन गटांमध्ये या मापनीवर सरासरी सुमारे सव्वा गुणाचा फरक दिसला. तो खरा असला तरी एका रुग्णाच्या बाबतीत त्याचा अर्थ लावताना ही असमान शिडी डोळ्यांपुढे असावी. दुसरी अडचण अशी की, औदासीन्याला झटके नसतात; जे घडतच नाही, ते आठवड्यातून किती वेळा घडत नाही, हे काळजीवाहकाने कसे मोजावे?

औदासीन्याचे निरनिराळे पैलू मोजणाऱ्या बहुआयामी मापन्यांपैकी फ्रान्समधील लील येथील मुलाखतवजा मापनी आणि २४ प्रश्नांची, मुळात चेतापेशींच्या एका आजारासाठी तयार झालेली त्रिआयामी मापनी या दोन्ही मला उपयोगी वाटतात. पहिलीला वेळ लागतो, दुसरी सुरुवात करणे, आखणी करणे आणि भावना यांतले नेमके काय बिघडले, ते वेगळे दाखवते.

आपल्या रुग्णाबाबत मी पुढीलप्रमाणे करीन. पत्नीची भेट स्वतंत्रपणे घेईन, कारण रुग्णासमोर ती एकतर सावरून बोलेल किंवा तक्रारीच सांगेल. ५१ गुणांतली कोणती विधाने ३ किंवा ४ वर गेली, ते तिच्यासमवेत एकेक करून पाहीन आणि प्रत्येकासाठी मागील चार आठवड्यांतला एक प्रसंग मागेन. औषधाच्या मात्रेनंतर हालचाल सर्वांत मोकळी असते त्या वेळी रुग्णाची मुलाखत घेऊन चिकित्सकाची आवृत्ती भरीन. थायरॉईड, ऐकू येणे, झोप आणि औषधे तपासून घेईन. त्यानंतरच २०१८ सालच्या निदान-निकषांकडे जाईन : पूर्वीच्या पातळीच्या तुलनेत घट, किमान चार आठवडे टिकलेली, वर्तन-विचार, भावना आणि सामाजिक व्यवहार या तिन्हींपैकी किमान दोहोंत दिसणारी, दैनंदिन जीवनाला बाधा आणणारी आणि शारीरिक दुर्बलतेने किंवा परिस्थितीतल्या बदलाने पुरती उलगडत नसलेली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजताना तीच आवृत्ती, तोच माहितगार आणि औषधाची तीच वेळ ठेवीन. पत्नीऐवजी त्या दिवशी मुलगा सोबत आला असेल, तर त्याचे गुण नव्या रकान्यात लिहीन आणि जुन्या ५१ शी त्यांची वजाबाकी करणार नाही.