एमिलीच्या घरातील रंगभांडी आणि निळ्याची अडचण

प्रश्न : गेले काही महिने मी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळते आहे. त्यातल्या एमिली या गावकरी पात्राच्या घरातील शिलाई मशीनवर एका सदऱ्याला रंग दिला, तर तो अगदीच फिका उतरला. मशीनशेजारच्या सहा रंगभांड्यांपैकी निळे भांडे तर माझ्याकडून भरतच नाही. कम्युनिटी सेंटरच्या (गावाच्या जुन्या सभागृहाच्या) ‘डाय बंडल’मध्ये, म्हणजे तिथे जमा करायच्या वस्तूंच्या एका संचात, ज्या सहा वस्तू मागितल्या आहेत, त्याच या भांड्यांत घालायच्या असतात का? रानात सापडलेल्या वस्तूंवर हे काम भागते का?

उत्तर : तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सर्वांत महागात पडते. डाय बंडल आणि रंगभांडी यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. गेमच्या मूळ रचनेत बंडलसाठी तांबडे मशरूम, सी अर्चिन (काटेरी समुद्री जीव), सूर्यफूल, बदकाचे पीस, अॅक्वामरीन (निळसर रत्न) आणि लाल कोबी अशा सहा ठरावीक वस्तू लागतात आणि त्या दिल्यावर सीड मेकर (पिकापासून बी बनवणारे यंत्र) मिळतो. भांड्यांना मात्र ठरावीक वस्तू लागत नाही, केवळ तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा या रंगांची प्रत्येकी एक वस्तू लागते. घोटाळा होतो तो यामुळे, की तांबडे मशरूम, सूर्यफूल, अॅक्वामरीन आणि सी अर्चिन ही भांड्यांतही चालतात, आणि एकदा रंगवण्याचे काम झाले की घातलेली वस्तू परत मिळत नाही. बंडल पूर्ण होईपर्यंत या वस्तू वेगळ्या पेटीत ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

रंग फिका उतरला, यात आपली काही चूक नाही. मशीनवर कपडा ठेवून रिळाच्या जागी एखादी रंगीत वस्तू लावली, की त्या वस्तूचा रंग कपड्याला चढतो. पण प्रत्येक वस्तूचा जोर सारखा नसतो. काही वस्तूंनी एकाच वेळी पूर्ण रंग येतो, तर काहींनी कपड्याचा मूळ रंग जेमतेम थोडासा सरकतो. अशा वेळी तीच वस्तू पुन्हा एकदा, गरज पडल्यास आणखी एकदा लावावी. दर खेपेला रंग गडद होत जातो. मला स्वतःला ही मंद वस्तूंची रीत आवडते, कारण दोन वेगळ्या रंगांच्या वस्तू आलटून पालटून लावल्या, तर मधल्या छटा हाताशी येतात आणि आपण खरोखर रंगाऱ्याच्या कामाला बसलो आहोत असे वाटते.

भांड्यांची पद्धत याहून वेगळी आहे. सहाही भांडी भरली, की पट्ट्या सरकवून हवी ती छटा निवडता येते, आणि ती आपण भांड्यांत काय घातले होते यावर मुळीच अवलंबून नसते. त्यामुळे तिथे सोनेरी ताऱ्याचे, म्हणजे उंची दर्जाचे, पीक घालण्यात काहीच अर्थ नाही, साध्या दर्जाची वस्तूही तेवढेच काम करते. मात्र रंगवायचा कपडा त्या वेळी अंगावर असला पाहिजे आणि तो रंगवता येण्याजोगा असला पाहिजे; प्रत्येक सदरा तसा नसतो.

आता निळ्याबद्दल. सापडलेल्या वस्तूंवर इतर रंग बऱ्यापैकी भागतात : पिवळ्यासाठी वसंतात उगवणारे डॅफोडिल, जांभळ्यासाठी हिवाळ्यातले क्रोकसचे फूल, हिरव्यासाठी गळाला आपोआप लागणारे समुद्रशेवाळ. नारिंगीला भोपळा किंवा तांब्याचा बार चालतो. निळी वस्तू मात्र वाटेवर सहसा पडलेली नसते, म्हणून तिचे नियोजन आधीच करावे लागते. सर्वांत निश्चिंत उपाय ब्लूबेरीचा. तिचे बी उन्हाळ्यात पेरतात, 13 दिवसांनी पहिला बहर येतो आणि पुढे दर 4 दिवसांनी प्रत्येक झुडपाला तीन फळे लागतात. ऋतू 28 दिवसांचाच असल्यामुळे पेरणी पहिल्या दोनचार दिवसांत उरकावी. एका झुडपाची फळेसुद्धा वर्षभराच्या रंगकामाला पुरतात, फक्त सगळी विकून टाकू नयेत.

उन्हाळा निघून गेला असेल, तर खाणीत उतरावे लागेल. चाळिसाव्या मजल्यापासून पुढे, बर्फाच्या भागात अॅक्वामरीन आणि फ्रोझन टिअर नावाचा स्फटिक सापडतात आणि दोन्ही निळ्या भांड्यात चालतात. मात्र पहिले अॅक्वामरीन बंडलला, दुसरे गुंथर हे पात्र सांभाळत असलेल्या गावच्या संग्रहालयाला, असा क्रम ठेवावा. फ्रोझन टिअरचाही पहिला नग संग्रहालयालाच द्यावा आणि दुसरा सापडला, की तोच भांड्यात घालावा. बंडलला फ्रोझन टिअर लागत नसल्याने त्याचा वापर मनाला कमी जड जातो.

एमिलीचे घर सकाळी 9 ते रात्री 8 एवढाच वेळ उघडे असते, हे ध्यानात ठेवून सहा वस्तू आदल्या रात्रीच पिशवीत भराव्यात. पुढे तिच्या ‘रॉक रिज्युव्हिनेशन’ या विशेष मागणीतली रत्ने तिला पोचवली, की शिलाई मशीन आपल्याला स्वतःच्या घरात ठेवायला मिळते, आणि मग निदान मशीनवरच्या रंगकामाला वेळेचे बंधन राहत नाही.