हौद सातव्या पानावर होता

पुणे, बुधवार रात्र

चि. संपादिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधन अंकावर तुला संपादक म्हणून घेतलं, हे तू फोनवर ज्या आवाजात सांगितलंस त्यावरून वाटलं, मोठं पदच मिळालंय. पद वगैरे काही नसतं गं. एका ईमेलचा पासवर्ड मिळतो, मागच्या मंडळाने न उघडलेल्या फायली मिळतात आणि "अंक कधी येतोय?" असं कँटीनमध्ये विचारणारी माणसं मिळतात. सुरुवात कशाने करू, असं तू विचारलंस. मुखपृष्ठाने करू नकोस, एवढं आधी सांगते. (प्रत्येक नवं मंडळ मुखपृष्ठानेच सुरुवात करतं. दुसरी बैठक बोधचिन्हावर जाते. तिसरीत मुखपृष्ठ बदलतं.)

मी कॉलेजात इतिहास शिकवला आणि चौदा वर्षं मुलांच्या अंकाचं काम पाहिलं. त्यातली माझी एक चूक तुला सांगते. फुशारकी मारण्यासारख्या गोष्टी पुन्हा कधीतरी.

एका पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलीचा लेख आला होता, पुण्याच्या पेठांमधल्या हौदांवर. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात पाणी आणलं, ते हौदांमधून खेळवलं, वगैरे. पहिली तीन पानं अशी, की कुठल्याही स्थळदर्शक पुस्तिकेतून उचलावीत. तिसऱ्या पानावर मी थांबले आणि "नवीन काही आढळत नाही, सबब लेख स्वीकारता येत नाही" अशी एक ओळ लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी ती विभागात आली. रडली-बिडली नाही. पिशवीतून सुतळीचं भेंडोळं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. हातहात अंतरावर गाठी मारलेली सुतळी, टोकाला दगड. म्हणाली, "बाई, सातवं पान वाचलंत का?"

सातव्या पानावर तिने स्वतः मोजलेल्या पाच हौदांची खोली होती, मे महिन्यातली आणि पुन्हा ऑगस्टमधली. शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना विचारून, कुणाच्या घरात शेवटचा हंडा कधी भरला, ते लिहिलेलं होतं. हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

तेव्हापासून मी एक धरून चालले. पदवीची मुलं आपलं स्वतःचं काम मागे लपवतात. पुढे मोठ्या माणसांची वाक्यं मांडतात, पाहुणे आले की घरातली एकुलती बरी खुर्ची पुढे सारतात तशी. त्यांना वाटतं, आपल्या सुतळीला कोण विचारतो? तुझं आणि तुझ्या मंडळाचं पहिलं काम म्हणजे ते सातवं पान शोधणं, आणि सापडलं की लेखकाला सांगणं, "हे पहिल्या पानावर आण." तुमच्या अंकाला वाचक किती मिळतील, ते मला माहीत नाही, फार नसतील. पण लेख पाठवणाऱ्या प्रत्येकाला एक तरी असा वाचक मिळतो, ज्याने तो शेवटपर्यंत वाचलाय. अनेकांच्या आयुष्यात असा वाचक पहिल्यांदाच येतो. शिक्षकसुद्धा मुलांच्या वह्या तपासताना सही करण्यापुरतंच पान उलटतात. मीही उलटली आहेत.

म्हणून नकार लिहायला शीक. स्वीकाराचं पत्र कोणीही लिहील. नकाराच्या पत्रात आधी दोन वाक्यांत लेख काय म्हणतो ते तुझ्या शब्दांत लिही. ती दोन वाक्यं तुला लिहिता येत नसतील, तर तू लेख वाचलेला नाहीस, किंवा लेखकालाच काय म्हणायचंय ते ठरलेलं नाही. दोन्हीपैकी काय, हे प्रामाणिकपणे ठरव आणि मगच पुढचं लिही.

आलेला लेख वाचून मत देणारे तुमचे परीक्षकही विद्यार्थीच असणार. त्यांच्यात दोन जाती आढळतील. एक सगळ्यालाच "छान, अभ्यासपूर्ण" म्हणणारी आणि दुसरी नुकतीच संशोधनपद्धतीचा पेपर देऊन आलेली, जी समोरच्याच्या अंगावर नमुनानिवडीचा धडा घालते. दुसरी जात मला जास्त आवडते, तिला फक्त आवरावं लागतं. नमुन्याचा प्रश्न खराच असतो म्हणा. "पुणेकर तरुणांचा सार्वजनिक वाहतुकीकडे बघण्याचा दृष्टिकोन" अशा मथळ्याखाली हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेला गूगल फॉर्म तुझ्याकडे येणार, लिहून ठेव. तो फेकू नकोस. मथळ्यातले पुणेकर काढून हॉस्टेलच्या मुली घाल, मग त्यात काहीतरी खरं उरतं.

लेख कुणाचा ते परीक्षकाला कळू नये म्हणून नावं झाकतात, त्याबद्दलही सांगते. पुण्यात नाव झाकून फारसं काही झाकलं जात नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यावर लिहायला कुठल्या विभागातली कुठली मुलं वस्त्यांमध्ये फिरतायत हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी झाक. आणि झाकायचंच तर नीट झाक: ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचं नाव राहतं, फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव राहतं. ओढ्याच्या लेखासारखं काही आलं तर आणखी एक विचार: ज्यांची घरं वाहून गेली त्यांना कळलं होतं का, की त्यांचं बोलणं छापलं जाणार आहे? "सगळ्यांनी आनंदाने माहिती दिली" एवढ्यावर समाधान मानू नकोस. आणि वाहून गेलेल्या घरातल्या बाईचं नाव-गाव लेखाला लागतंच असं नाही.

वाङ्मयचौर्याचं बघ. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानतात. झालं, मुलं आकड्याशी खेळायला लागतात. दहाच्या आत आणायला शब्द बदलतात, "महत्त्वपूर्ण"चं "अत्यंत मोलाचं" करतात आणि चोरी तशीच राहते. उलट व्याख्या आणि संदर्भयादी मोजल्यामुळे एखाद्या सरळ मुलाचा आकडा बावीस येतो. साम्य मोजणाऱ्या यंत्राचा अहवाल जरूर काढ, पण त्यावर लाल-हिरवं ठरवू नकोस. मराठी लेखातली उचल मला कायम माणसाने पकडून दिली. आमच्या ग्रंथालयातल्या एका सहायकांनी तर परिच्छेद ऐकून पुस्तकाचं कपाट सांगितलं होतं. अशा माणसाशी आत्तापासून ओळख ठेव. मंडळाच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

आता चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स पदवी आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवलेल्यांना ती करता येते, म्हणजे लिहिणारे वाढणार आणि "कुठेतरी छापून हवंय" म्हणणारेही वाढणार. त्यांच्या फोनवर दोन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह, अमुक रुपये, असे निरोप येतच असतात. मोठी माणसंही त्यात फसली. २०१८ साली आपल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली. पाहिलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषाला उतरली नाहीत. कुणी "तुमच्या अंकाला आयएसएसएन आहे का?" असं विचारलं तर घाबरू नकोस. तो नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक दिल्लीहून मिळतो, फुकट मिळतो, आणि त्यावरून अंक चांगला की वाईट हे काही ठरत नाही. घेऊन टाक आणि विसरून जा.

आपला अंक पोरांचा, त्याला कोण विचारतो, असं मंडळात कुणीतरी म्हणेलच. त्याला कोसंबींचं सांग. पुढे इतिहासकार म्हणून गाजलेले दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १९४१ साली भर्तृहरीच्या वैराग्यावरचा त्यांचा निबंध छापून आला तो फर्ग्युसन-विलिंग्डनच्या कॉलेज मॅगझिनात. भर्तृहरीवर काम करणारे आजही त्या निबंधाचा संदर्भ देतात. त्याची प्रुफं कुणी वाचली, गणिताच्या मास्तरांचा संस्कृत कवीवरचा लेख घ्यायचा असं कुणी ठरवलं, हे कोण सांगणार? पण कुणीतरी ठरवलं.

प्रुफांवरून आठवलं. त्या मुलीचा लेख शेवटी पुढच्या वर्षी छापला, सुतळी पहिल्या पानावर आणून. आणि मी घोटाळा केला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार उडाले होते, जोडाक्षरं फुटली होती. ती शोधण्यात माझे डोळे इतके गुंतले की तक्त्याच्या डोक्यावरचं "फूट" कधी "मीटर" झालं ते दिसलं नाही. अठरा फुटांचा हौद अठरा मीटर खोल छापला गेला. आप्पा बळवंत चौकातून गठ्ठे उचलून रिक्षात घातले, घरी येऊन एक अंक उघडला, आणि तेच पान समोर. पुढच्या अंकात शुद्धिपत्र पहिल्या पानावर घातलं, आतल्या कोपऱ्यात नाही. तेव्हा शुभसंदेशाचं पान मागे सरकलं म्हणून कुणीतरी रागावलं होतं. रागावू दे. अक्षरं एकाने वाचावीत आणि आकडे, तक्ते, एककं दुसऱ्याने. एकाच माणसाला दोन्ही देऊ नकोस.

मार्गदर्शकांनी लिहिलेला लेख ओळखायला फार हुशारी लागत नाही. भाषा पन्नाशीची असते. अशा वेळी भांडू नकोस. प्रत्येक लेखाखाली कुणी काय केलं ते चार ओळींत लिहून घ्यायची पद्धत पाड: मोजणी कुणाची, मुलाखती कुणाच्या, पहिला खर्डा कुणाचा. बरीच सरमंडळी त्या चार ओळी भरताना आपणहून मागे सरतात.

आणि एक, जे तुम्हा मुलांना अजिबात सुचत नाही. तुम्ही तीन-चार वर्षांत निघून जाता. संपादक शेवटच्या वर्षाला असतो, मे महिन्यात त्याची परीक्षा असते, जूनमध्ये तो बंगळुरात असतो आणि पासवर्ड त्याच्या जुन्या फोनमध्ये. अंक बंद पडतात ते बहुतेक असे. पैशांवाचून पडलेले मी कमी पाहिले. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं, काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. तिचे संपादक सुखटणकर १९४३ साली गेले, पुढे बेलवलकर आले, मग प. ल. वैद्य. काम चालू राहिलं, कारण कुठली पोथी कुठल्या खुणेने ओळखायची आणि पाठ कसा निवडायचा, हे सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत १९३३ सालीच छापून ठेवलं होतं. तुमचं महाभारत नाही, कबूल. पण एक वही कर. कुठला लेख कुणाकडे गेला, कधी परत आला, का नाकारला, कुठला परीक्षक वेळेवर देतो, कुठला प्रेसवाला उधारी चालवतो, सगळं त्यात लिही. पहिल्या वर्षाची दोन मुलं आत्ताच मंडळात घे आणि त्यांना नुसत्या खुर्च्या लावायला ठेवू नकोस. एकेक लेख हातात दे.

शनिवारी दुपारी मी घरीच आहे. पहिल्या नकाराचा खर्डा घेऊन ये, टाइप केलेला नको, हाताने लिहिलेला आण. आणि त्या चाळीस-पन्नास न उघडलेल्या फायलींपैकी कुठलीही एक छापून आण. मागून वाचायला सुरुवात करू.

तुझी,
बाई

ता. क. ती सुतळी अजून माझ्या कपाटात आहे. तिने परत नेलीच नाही. तुझ्या वनस्पतिशास्त्रवाल्या मैत्रिणीला विहिरींचं काही करायचं होतं ना? तिलाही घेऊन ये.