एमएसआय पॅकेजमध्ये (विंडोजवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या फाइलमध्ये) कोणते भाग कुठे बसवायचे, हे अ‍ॅडमिनला ठरवू देता येते का?

होय, विंडोज इन्स्टॉलरमध्ये ही सोय मुळातच आहे. त्यासाठी सॉफ्टवेअरचे भाग स्वतंत्र ‘फीचर’ म्हणून मांडावे लागतात आणि ज्या फीचरची जागा बदलू द्यायची आहे, त्याला बदलता येण्याजोगे फोल्डर नेमून द्यावे लागते. या फोल्डरचे अंतर्गत नाव पूर्णपणे कॅपिटल अक्षरांत हवे, कारण इन्स्टॉलर तशाच नावांना ‘पब्लिक प्रॉपर्टी’ (बाहेरून मूल्य देता येईल अशी सेटिंग) मानतो आणि कमांड लाइनवरून दिलेला पाथ त्यांनाच लागू होतो. मग अ‍ॅडमिन एमएसआयएक्झेक या इन्स्टॉलर चालवणाऱ्या कमांडला ‘अ‍ॅडलोकल’ या प्रॉपर्टीमध्ये हव्या त्या फीचरची नावे स्वल्पविराम देऊन आणि सोबत फोल्डरचा पाथ पुरवून, पडद्यावर एकही विंडो न उघडता इन्स्टॉलेशन उरकू शकतो. फीचरची ही नावे लहान-मोठ्या अक्षरांसह तंतोतंत जुळावी लागतात. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. मात्र निवडलेली जागा इन्स्टॉलर पुढच्या मेजर अपग्रेडसाठी (जुनी आवृत्ती काढून नवी बसवण्यासाठी) आपणहून लक्षात ठेवत नाही. ती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत) नोंदवून नव्या पॅकेजला तिथून वाचायला लावावी, अन्यथा डी ड्राइव्हवर बसवलेले सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर मुकाट्याने सी ड्राइव्हवरील प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन बसते.