इतिवृत्त समजेल असे कसे लिहावे?

प्रश्न : आमच्या गावातील महिला बचत गटाची सचिव म्हणून बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले असून त्यानंतर अर्ज भरण्यापलीकडे लिहिण्याची वेळ आली नाही. बैठकीत मी न अडखळता बोलते, मात्र माझे इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचले की सदस्या विचारतात, "मग ठरलं काय?" नमुन्यादाखल एक वाक्य पाठवते : "सदर बैठकीत कर्जाबाबत सविस्तर चर्चा करण्यात येऊन शेळीसाठी मागणी आल्याने व मागील हप्ते थकीत असल्याने योग्य तो निर्णय घेऊन कर्ज देण्यात यावे असे ठरविण्यात आले." माझे शुद्धलेखनही कच्चे आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, ता. सांगोला, जि. सोलापूर

उत्तर : शुद्धलेखनापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पाठवलेल्या वाक्यात शुद्धलेखनाची चूक नाही, तरीही ते कळत नाही. कारण कर्ज कोणी मागितले, किती मागितले, हप्ते कोणाचे थकले आणि कर्ज कोणत्या अटीवर मिळणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. बैठकीत बसलेल्या आपल्याला हे सर्व ठाऊक होते. लिहिताना ते गळाले, कारण कार्यालयीन पत्रांत दिसणारी भाषा हीच चांगली लेखी भाषा, अशी आपल्याकडे समजूत रुजली आहे. 'करण्यात आले', 'ठरविण्यात आले' या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही. कर्ता ठाऊक नसेल किंवा त्याला महत्त्व नसेल, तेथे ती रचना योग्यच आहे; परंतु पैशाच्या व्यवहारात कोणी काय करायचे हेच मुख्य असते.

म्हणून वहीत लिहिण्यापूर्वी एका कच्च्या कागदावर कोणी, किती, कशासाठी, हरकत कोणती, निर्णय काय आणि मुदत केव्हापर्यंत, यांची उत्तरे तुटक शब्दांत टिपावीत आणि मग त्यांची वाक्ये करावीत. आकडे कल्पनेने घेऊन आपलाच मजकूर मी असा लिहीन : "एका सदस्येने शेळी खरेदीसाठी ५,००० रुपये कर्ज मागितले. तिच्या मागील कर्जाचे दोन हप्ते थकले असल्यामुळे अध्यक्षांनी हरकत घेतली. तिने थकलेले हप्ते १५ तारखेपर्यंत भरावेत आणि ते जमा झाल्यावर गटाने तिला कर्ज द्यावे, असे सर्व सदस्यांनी एकमताने ठरवले. मुद्दलाची फेड ती दरमहा ५०० रुपयांच्या दहा हप्त्यांत करील." आपण अर्थातच सदस्येचे पूर्ण नाव आणि व्याजाचा दर लिहावा.

येथे वाक्ये लहान झाली, पण लहान वाक्य लिहिणे हा नियम नव्हे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जितका मजकूर कोंबावा तितका वेळ ऐकणाऱ्याला सगळे मनात धरून थांबावे लागते. आपल्या वाक्यातील 'येऊन', 'आल्याने', 'असल्याने', 'घेऊन' ही रूपे ऐकणाऱ्याला चार वेळा थांबवतात आणि शेवटी हाती काही देत नाहीत. लांब वाक्य जरूर लिहावे. मात्र त्याचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला धरून पुढे गेला पाहिजे.

आपले इतिवृत्त मोठ्याने वाचले जाते, ही सोय बहुतेक नवशिक्यांना मिळत नाही. बैठकीपूर्वी ते स्वतः एकदा मोठ्याने वाचावे आणि जेथे श्वास पुरत नाही किंवा जीभ अडते तेथे वाक्य पुन्हा लिहावे.

शुद्धलेखन यानंतर, पण ते टाळू मात्र नये. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. ते १४ होते, आणि १९७२ साली आणखी चार जोडले गेले. हे अठराही नियम एकदम पाठ करण्याची गरज नाही. आपल्या कामात आधी अनुस्वार सांभाळावा, कारण 'सदस्याचा हप्ता' आणि 'सदस्यांचा हप्ता' यांत एका टिंबाने हिशेब बदलतो, आणि व्यक्ती एकच असली तरी आदरासाठी 'अध्यक्षांनी' असेच लिहावे लागते. त्यानंतर 'गरीब, पण गरिबाला', 'वकील, पण वकिलाला' हा बदल अंगवळणी पाडावा. तिसरी गोष्ट 'असं केलं' आणि 'असे केले' यांच्या सरमिसळीची. नियमांप्रमाणे 'करणं', 'केलं' ही रूपे पात्राच्या तोंडच्या बोलण्यात चालतात आणि एरवी 'करणे', 'केले' अशी लिहावी लागतात. एखादी सदस्या जे बोलली ते अवतरणचिन्हांत तिच्याच बोलीत ठेवावे. ती बोली आपण 'सुधारून' लिहू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या प्रश्नातील "मग ठरलं काय?" हे म्हणूनच अचूक आहे.

प्रश्न : लेखन सुधारण्यासाठी रोज दैनंदिनी लिहावी, असे सर्व जण सांगतात. मी लिहितो, पण सुधारणा दिसत नाही.
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दैनंदिनी आपल्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून त्यातील संदिग्धता कधी उघडी पडत नाही. त्याऐवजी वर्तमानपत्रातील एक अग्रलेख वाचून, तो मिटून ठेवून, त्याचा मुद्दा पाच वाक्यांत लिहावा आणि मग मूळ लेखाशी ताडून पाहावा. जे सुटले ते समजले नव्हते की समजूनही मांडता आले नाही, हे कागदाच्या कडेला नोंदवावे, आणि दुसऱ्या दिवशी नवा लेख घेण्याआधी तीच पाच वाक्ये पुन्हा लिहावीत.