पहिली रोड बाईक घेताना काय बघायचं
अरे नुसत्या स्टिकरवर जाऊ नकोस, मागच्या डिरेलरवर (चेन सरकवून गिअर बदलणारा पार्ट) सोरा, म्हणजे शिमानो कंपनीच्या एका गिअरसेटचं नाव, लिहिलेलं दिसलं की गिऱ्हाईक खूश आणि क्रँक (पेडल लागतं तो दांडा), ब्रेक, चेन मात्र भलतंच काहीतरी स्वस्तातलं लावलेलं असतं, पैसे तिथेच वाचवतात, म्हणून एकेक पार्ट विचारून घे. शिमानोच्या गिअरसेटमध्ये क्लॅरिस ८ स्पीड (मागे ८ गिअर), सोरा ९, मग टियाग्रा, १०५ असं वर जातं. नवख्याला क्लॅरिस बास झालं खरंतर. पण मागच्या गिअरच्या दातेरी चकत्या कॅसेट (हबवर सरकवून बसवलेल्या) आहेत की फ्रीव्हील (हबवर आट्याने फिरवून बसवलेलं) हे बघच, फ्रीव्हील असेल तर पुढे अपग्रेड करताना बहुतेक अख्खं चाकच बदलायला लागतं. फ्रेम अॅल्युमिनियमची चालेल, फोर्क (पुढचं चाक धरतो तो) कार्बनचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. खंबाटकी घाट वगैरे चढायचा असेल तर पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे सगळ्यात मोठ्या चकतीला ३२ दात तरी हवेत. फ्रेमची साइज चुकली तर शिमानोचा सगळ्यात वरचा ड्युरा-एस पण फुकट, चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.